जहाजाचा आवाज

पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता. अशा कार्डात काय असतं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी मी आधी टपालखात्यावरच संशय घेतला... पिशवीत फाटला असेल म्हणून. मग मजकूर वाचला. आनंदाच्या पुतण्याने लिहिलं होतं, काकांना मिरजेच्या इस्पितळात नेलं होतं, उपयोग झाला नाही. त्याला आता पाच आठवडे होतील.

माझा स्वभावच असा. दुधात पाणी आणि कौतुकात काहीतरी काम, हे मला आधी दिसतं. सांगलीच्या शाळेत शास्त्र शिकवता शिकवता मी एका साप्ताहिकात रेडिओच्या कार्यक्रमांची परीक्षणं लिहायचो, तिथे हा स्वभाव गुण म्हणून खपून जायचा. आनंदा अगदी उलट. इस्लामपूरकडच्या ऊसवाल्या घरातला, फौजेत बिनतारी संदेशाच्या कामावर बारा वर्षं काढून आलेला. रेडिओवरच्या नाटकांना लागणारे आवाज काढायला त्याला बोलवायचे. करवंट्या आपटून तो घोडे पळवायचा, सुपात वाळू घोळवून पाऊस पाडायचा. रविवारी आमच्याकडे चहाला आला की म्हणायचा, "मास्तर, बशी जरा पुन्यांदा वाजीव. त्यात रेल्वे हाय बग."

टेलिव्हिजन तेव्हा मुंबई-पुण्यापर्यंतच आला होता, आमच्याकडे रेडिओच. त्यावर पाच-सहा वर्षांपूर्वी अंतराळावरची तेरा भागांची मालिका लागली होती. पृथ्वी सोडून निघालेलं एक जहाज, त्यात एक म्हातारा शास्त्रज्ञ, आणि तो परत येणार की नाही यावर सांगलीच्या चहाच्या दुकानांतून वाद. शेवटच्या भागात म्हातारा परतीचं यंत्र आपल्या हाताने बंद करतो, पृथ्वीचा निरोप घेतो, आणि मग बराच वेळ कोणी बोलत नाही. फक्त जहाजाचा आवाज. तो दूर दूर जातो, आणि शेवटी एकदम थांबत नाही... बसत जातो. माझ्या अंगावर काटा आला. आणि काटा आला म्हणूनच मला शंका आली.

परीक्षणात मी कथेचं कौतुक केलं, संवाद पाल्हाळिक म्हटले आणि शेवटी लिहिलं, 'जहाजाचा ध्वनी परदेशी तबकडीवरून उचललेला दिसतो. असा आवाज सांगलीत निघणं शक्य नाही.' तो आवाज आनंदाने दिला होता हे मला माहीत होतं. मैत्री आड येऊ दिली नाही याचा मला तेव्हा अभिमानच वाटला.

रेडिओ केंद्रातले लोक आनंदाला 'तबकडी' म्हणू लागले. पुढच्या नाटकाला दुसऱ्याच कोणाला बोलावलं. आनंदा गावी परतला आणि साखर कारखान्यात पंपावर लागला. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "कवातरी ये की रं गावाकडं." मला वाटलं, चोरी उघडी पडली म्हणून तोंड लपवतोय. मी मुंबईच्या भाच्याला तबकड्यांच्या दुकानांतून हिंडवलं, ओळखीच्या ध्वनिमुद्रकाला विचारलं. मूळ फीत पुसून तिच्यावर दुसरं काही भरलं होतं. तबकडी कुठेच सापडली नाही, तर माझा संशय उलट पक्का झाला... किती दुर्मिळ तबकडी मिळवली असेल याने.

कार्ड आल्यावर त्याच्या गावी गेलो. आनंदाची बायको हिराबाई समोर बसली होती, आणि खोटं कशाला बोलू, माझी नजर खोलीत ग्रामोफोन शोधत होती. तिच्या ते लक्षात आलं.

"काय हुडकताय भावजी?"

मला लाज वाटली, पण सांगून टाकलं. ती उठली. आत जाऊन तंबोऱ्याचा मोठा वाळका भोपळा घेऊन आली. चीर गेली म्हणून मिरजेच्या कारागिराने टाकून दिलेला. त्यात तिने मूठभर राळ्याचे दाणे टाकले आणि तो मांडीवर धरून सावकाश गोल फिरवू लागली. मी डोळे मिटले. तेच जहाज होतं.

"त्येंनी माईक धरला व्हता," ती म्हणाली. "भोपळा मी फिरवला व्हता."

म्हणजे मी एकाला नाही, दोघांना चोर म्हटलं होतं. मी विचारलं, मग साप्ताहिकाला उलट पत्र का नाही पाठवलं?

"रेडिओच्या सायबाला दावलं की समदं. सायेब म्हनला, पेपरात तसं लिवून दे, मग तुला ठेवतो. हे न्हाई म्हनले. मास्तरची शाळंत नाचक्की हुईल म्हनले." तिने फिरवणं थांबवलं. आत दाणे हळूहळू बसत गेले. "म्हनायचे, त्यो आपनहून इचारंल मला. लय दिस वाट बघितली त्येंनी."

मी मुंबईपर्यंत चौकशी केली होती. आनंदाला एकदाही विचारलं नव्हतं.