चांगुणाआत्याचं तोंड आणि शांत करणारी गोळी

माझ्या चांगुणाआत्याला आमच्या पाथर्डीकडची चार गावं दोन गोष्टींवरून ओळखायची. एक तिची फिट आणि दुसरं तिचं तोंड. फिट महिन्यातून एखाद्या वेळी यायची, तोंड रोज सुटायचं.

फिट आली की वस्ती चप्पल घेऊन धावायची. देवऋषी आमच्या बौद्ध वस्तीनं धर्मांतराबरोबरच हद्दपार केला होता, पण चप्पल हुंगवायला धम्माची काही आडकाठी नव्हती. शुद्धीवर येताच आत्या वासावरून मालक ओळखायची. "आसाराम, शेणातनं आलास का रं? पुढच्या बारीला पाय धुवून ये!"

पंच्याण्णवच्या दिवाळीत तिचा नवरा रंभाजीमामा तिला नगरला घेऊन गेला, सावेडीतल्या लीना मॅडमकडे. या फिटच्या डॉक्टर. त्यांनी फिनोबार्बिटोन सुरू केलं. जुनी गोळी, पाथर्डीतही मिळणारी. फिट थांबली. आत्याही थांबली. चुलीपुढं बसली की बसलेलीच, भाकरी करपली तरी हूं की चूं नाही.

मामा खूश होता. आमच्याकडे औषध लागू पडलं की पेशंटला परत कोण नेतं? नवराच जाऊन गोळ्या आणतो. मॅडम विचारायच्या, "कशा आहेत बाई?" मामा सांगायचा, "एकदम शांत हाय." मग मॅडम त्याच गोळ्या पुन्हा लिहून द्यायच्या. मला आजही दोघांचा राग येतो. मेलेलं माणूसही शांतच असतं.

मग उन्हाळा लागला आणि टँकर सुरू झाले. दरवर्षी आत्याच्या तोंडाला भिऊन ड्रायव्हर आमच्या वस्तीवर सगळा टँकर रिकामा करायचा. या वर्षी ती ओट्यावर पेंगत बसलेली. त्यानं अर्धं पाणी सोडलं आणि उरलेलं वरच्या आळीला नेलं. आम्ही ओरडलो, तर तो हसला. पुढच्या खेपेलाही तेच. शेवटी लंकाबाईनं, जी जन्मभर आत्याला तोंडाळ म्हणत नाकं मुरडत आली, तिनंच मामाला फैलावर घेतलं. "आदी तिचं तोंड परत आना!"

जीप केली. निम्मी वस्ती दवाखान्यात घुसली. मॅडम सवयीनं मामाकडेच वळल्या, "कशा आहेत?"

"गोळी मी खाते," आत्या सावकाश म्हणाली. "मला इचारा."

मॅडम ओशाळल्या. खुर्ची तिच्यापुढं ओढून बसल्या आणि नीट समजावलं. दुसरी गोळी आहे, कार्बामाझेपिन. गुंगी बहुधा कमी येईल. पण ती हळूहळू वाढवायची आणि जुनी हळूहळू कमी करायची. जुनी एकदम सोडली तर जिवावर बेतेल. मधल्या काळात फिट येऊही शकते.

मामा घाबरला. "नगं मॅडम. हाय ते बरं हाय."

"फिट आली तर पडंन, आन् उठंन बी," आत्या म्हणाली. "आता तर मी उठतच न्हाई."

गोळी बदलली. आत्या थोडी थोडी परत येऊ लागली. आधी भाकरी करपल्याचं तिला कळलं, मग आसारामला पहिली शिवी बसली. वस्तीला लई बरं वाटलं. आणि मे महिन्यात एकदा हंडा घेऊन येताना तिला फिट आलीच. ओठ फाटला, टाके पडले. मामा रात्रभर रडला. जुनीच गोळी बरी होती, असं घोकत राहिला.

दोन दिवसांनी टँकर आला. ड्रायव्हरनं अर्ध्यावर पाइप बंद केला. आत्या सुजलं तोंड घेऊन उठली आणि त्याच्यावर तुटून पडली. मामा तिला मागं ओढायला लागला, "अगं, टाके उसवतील, गप ऱ्हा."

"दिवाळीपासनं गपच हुते की," आत्या म्हणाली. "तवा लई बरी वाटत हुते न्हवं तुमाला?"

मामानं तिला सोडलं. पुढं जाऊन त्यानं पाइप दोन्ही हातांनी धरला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "ती काय म्हनती ते ऐक."