पाठ आबांची

आज दुपारी टीव्हीवर तो सिनेमा पुन्हा लागला. त्याची सुरुवात आमच्या दुधनीजवळच्या माळावर घेतली होती. हिरोनं माझ्या वडिलांचं, आबांचं, घोंगडं पांघरलं, तरी मेंढरं त्याच्यामागं जाईनात. शेवटी हिरोचे कपडे घालून आबाच पुढं चालले. कॅमेरा मागं होता.

सोलापुरात सिनेमा लागल्यावर आबा आम्हा सगळ्यांना घेऊन गेले. पडद्यावर धूळ, मेंढरं आणि त्यांची पाठ दिसली. पाठ वळली आणि तोंड हिरोचं निघालं. शिट्ट्या पडल्या.

"चालतोय तर मीच की," आबा हळू म्हणाले. "मग माजं तोंड कुटं गेलं?"

आता आबा नाहीत. त्यांचं चालणं तेवढं त्या सिनेमात उरलंय. मी ते बघतो आणि पाठ वळायच्या आत टीव्ही बंद करतो.