मधातली हवा

आकाशातल्या काही फार दूरच्या स्रोतांकडून येणाऱ्या रेडिओलहरी तासाभरात कमी-जास्त होतात. माझी अख्खी नोकरी त्या लुकलुकीवर चालते. पूर्वी वाटायचं, स्रोतच भडकतो नि मंदावतो. पण तो बापडा बहुतेकदा शांत असतो. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत विरळ वायू पसरलेला आहे, त्यातून येताना लहरी वाकतात आणि आपल्याला लुकलुक दिसते. परिषदेत मी हे झकास सांगते. घरी कधी जमलं नाही. तुमसरच्या राईस मिलमध्ये धान उकडायची भट्टी सांभाळण्यात बाबांची हयात गेली. ते विचारायचे, "तू तिकडं करतं काय बाई?" आणि मी "तारे बघते" म्हणून वेळ मारून न्यायचे.

म्हणून त्या दिवाळीत, संध्याकाळी अंगणात बसलेले बाबा घरासमोरच्या मिलकडे बघत म्हणाले, "मिलचा दिवा लय थरथरून राहिला," तेव्हा मला आयतंच उदाहरण सापडलं. लॅपटॉपमधून मान वर न काढता मी म्हटलं, "दिवा नाही थरथरत बाबा. मधात भट्टीची गरम हवा आहे ना, ते हालते. माहं काम हेच आहे."

बाबा खूश. पानठेल्यावर, सोयऱ्यांत, भेटेल त्याला सांगत सुटले. आई म्हणाली डोळे दाखवून या, तर तिलाही तेच ऐकवलं.

होळीला मी घरी गेले तोवर त्यांचा उजवा डोळा गेला होता. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा सुटलाय, दिवा हलताना दिसला तेव्हाच आणायचं होतं. आमच्या कामात आकाशाला बोल लावण्याआधी आपलं यंत्र तपासतात. मी रोज तपासते. त्या संध्याकाळी साधी मान वर केली नाही, याची मला अजून चीड येते.

दवाखान्यातून परतताना गाडीत आई म्हणाली, "दिवाळीत तं मिल बंदच होती. भट्टी कुठं पेटली होती?"

मी बाबांकडे वळले. जन्मभर भट्टीपाशी राहिलेल्या माणसाला हे ठाऊक नसणार कसं? विचारलं, "मंग तुमी मले बोलले काहून नाही?"

बाबा खिडकीबाहेर बघत होते. "तूच म्हटलं ना बाई. मले वाटलं, थंडी हवाबी हालत असंन."