टिंब घालवणारे मास्तर

गणित कुठलंही असो, मास्तर आधी करंगळीने फळ्यावरचं दशांशाचं टिंब पुसायचे. "टिंब गेलं, डोकेदुखी गेली," म्हणायचे आणि करंगळी काळ्या पँटला पुसायचे. ती पँट मी कधी पूर्ण काळी पाहिली नाही.

असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. आमचे शाळेतून निवृत्त झालेले, निपाणीकडचे. शिवाजीनगरला आमच्या व्हरांड्यात शिकवणी घ्यायचे.

माझी नात दहावीला गणितात नापास झाली होती. माझा मुलगा म्हणाला, "पुन्हा गेली तर लग्न लावून टाकतो." स्थळ तयारच होतं. दहावी नापासच पाहिजे, अशी त्यांची अट असावी.

तिची चूक एकच. शून्य पॉइंट तीन एक्स अधिक दोन बरोबर तीन पॉइंट पाच. टिंब घालवायला सगळ्याला दहाने गुणायचं. ही टिंबवाल्यांना गुणायची आणि साध्या दोनला तसाच सोडायची.

"पंगतीत वाढायला निघालीस ना?" मास्तर ओरडायचे. "मग दोनने काय पाप केलं? त्याचं पान रिकामं का?"

मी चौथी पास. तांदूळ निवडत ऐकायचे. एक दिवस मास्तरांनीच दोन तसाच सोडला. उत्तर पाचऐवजी अकरा आलं. शिकवणीच्या मुली उतरवून घेत होत्या. मी म्हटलं,

"मास्तर, दोनचं पान रिकामं."

त्यांनी करंगळीने अकरा पुसलं. "सरी अक्का. तुमची परीक्षा घेत होतो."

'सरी' म्हणजे त्यांच्याकडचं 'बरोबर'. बाकी साफ खोटं. त्या दिवसापासून उत्तर लिहिण्याआधी ते माझ्याकडे बघायचे. मी मान डोलावली की लिहायचे. मास्तरही चुकतात हे कळल्यावर नातीला मात्र धीर आला. ती आधी दोनकडे बघायला लागली.

पास झाली. स्थळ दुसरीकडे गेलं. तोवर मास्तर घरचा रस्ता चुकायला लागले होते, म्हणून त्यांच्या मुलीने त्यांना महादेवपुऱ्याला आपल्या घरी नेलं होतं.

नातीला घेऊन पेढे द्यायला गेले. मास्तरांनी आम्हाला ओळखलं नाही. डबा मात्र घेतला. मुलगी, जावई, शेजारीण, माझी नात, सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. मला सोडून झाकण लावलं.

"मास्तर, दोनचं पान रिकामं."

त्यांनी माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग झाकण उघडलं.

"सरी अक्का. तुमची परीक्षा घेत होतो."

मी मान डोलावली.