भिंगापुढचा पुठ्ठा

सांगलीत बँकेत होतो तेव्हा आम्ही काही जणांनी चित्रपट मंडळ काढलं होतं. नव्वदीची मधली वर्षं. टॉकीजमध्ये नव्या सिनेमांतल्या भिजलेल्या साड्या हाऊसफुल्ल चालत होत्या आणि आम्ही नाकं मुरडत जुने, 'स्वच्छ' सिनेमे दाखवत होतो. जुन्या सिनेमात प्रेम म्हणजे फार तर दोन फुलं एकमेकांना टेकणार, अशी आमची ठाम समजूत.

एकदा पुण्याहून अगदी सुरुवातीच्या काळातला एक बोलपट मिळाला. साताऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या आजी सोळाव्या वर्षी त्यात होत्या. लग्नानंतर सासरच्यांनी त्यांचे सगळे फोटो बंबात घातले होते. आपला तरुणपणीचा चेहरा त्यांनी त्यानंतर पाहिलाच नव्हता. मी हौसेनं त्यांना एसटीनं सांगलीला घेऊन आलो.

"मी लय न्हाई रं त्यात," वाटेत म्हणाल्या. "एकच वाक्य हाय. पन तोंड दिसतंय माजं, चांगलं जवळनं."

आदल्या दिवशी सिनेमा लावून बघताना माझी पाचावर धारण बसली होती. मध्येच नायकानं नायिकेचं चक्क चुंबन घेतलं. त्यापुढचं मला काही दिसलंच नाही. निमंत्रणावर 'सहकुटुंब या' असं मीच छापलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "तेवढं झाका." झाकायचं काम मीच अंगावर घेतलं.

रविवारी दुपारी ते दृश्य आलं आणि मी प्रोजेक्टरच्या भिंगापुढं पुठ्ठा धरला. पडदा काळा झाला. चुंबन संपलं असेल, तरी खबरदारी म्हणून आणखी थोडा वेळ धरून ठेवला. त्या अंधारात एका मुलीचा खट्याळ आवाज आला, "बाईसाहेब, दिवा मी घालवू की तुम्ही?" तिसऱ्या रांगेत आजी उठून उभ्या राहिल्या. मी पुठ्ठा काढला तेव्हा पडद्यावर बाग होती.

खेळ संपल्यावर त्या मशीनजवळ आल्या. "मगाचं तेवढं परत लावता यील का रं? काळं झालं तवा मीच हुते."

दहा मिनिटांचं काम होतं. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते.

"रीळ जुनं आहे, आजी. तुटेल," मी म्हणालो.

"व्हय, जुनं हाय खरं," त्या म्हणाल्या, आणि वर माझीच समजूत काढली, "आवाज तर ऐकला की."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना साताऱ्याच्या गाडीत बसवून आलो आणि पेटीत भरण्याआधी ते रीळ एकट्यानं लावलं. तुटलं नाही. चुंबनानंतर लगेच तिचा चेहरा पडदाभर आला. हातात दिवा, पुढचा एक दात किंचित तिरका, डोळ्यांत हसू. चुंबनाच्या शेजारी ती खुशाल उभी होती. लाज तिला नव्हती, मला होती, आणि आता वाटत होती ती निराळीच लाज. आजींची गाडी एव्हाना कराडच्या पुढं गेली असेल.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजी ओट्यावर बसल्या होत्या. जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "मशीन लावताना तू तरी बगितलं आसशील. कशी दिसत हुते रं मी?"

बघितलं म्हटलं असतं, तर कधी तेही सांगावं लागलं असतं, आणि रीळ परत लावता येत होतं हे कळलं असतं.

"नीट लक्षात नाही, आजी," मी म्हणालो.