सासूबाईंना पसंत पडलेली मुलगी

मटार सोलताना बोटांना तो हिरवा, गोडसर वास लागला की मला माझी पहिली कादंबरी आठवते. कल्याणच्या एका कॉलेजात खून होतो, अशी ती रहस्यकथा. माझा कॉलेजचा अनुभव मागच्या बाकावरचा, पण खून करायला तेवढा पुरतो. प्रकाशकाच्या आधी परीक्षा होती ती डोंबिवलीच्या आमच्या घरातच, कारण सासूबाई टीव्हीवरचा खुनी पहिल्या जाहिरातीआधी ओळखायच्या. "मी ओळखला, तर हे बाड माळ्यावर टाकायचं," त्यांनी बजावलं, आणि मीही तोऱ्यात हो म्हणून बसले. मग रोज दुपारी त्या मटार सोलायच्या आणि मी एकेक प्रकरण वाचायचे. त्यांनी आधी शिपायाला धरलं, मग प्राचार्यांना. मराठी शिकवणाऱ्या तरुण मॅडमवर मात्र त्यांचा भारी जीव. "किती सोज्वळ गं पोर. आपल्या धाकट्याला अशीच शोधू या," त्या म्हणायच्या, आणि मी मान खाली घालून पान उलटायचे. शेवटच्या प्रकरणात त्याच मॅडमना बेड्या पडल्या, तेव्हा सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं, मी हिला सून करून घ्यायला निघालेले," त्या हळूच म्हणाल्या, "पाठव तुझं बाड." कादंबरी छापून आली, लोकांनी बरी म्हटली. पण माझी खरी बढती घरात झाली. आजही कुणासाठी मुलगी बघायला निघालो, की त्या मला शेजारी बसवून घेतात आणि कानात सांगतात, "तू बघ गं नीट. मला फसवतात."