हात दाखवला की गाडी थांबते

मी मुळातच भित्री. झुरळाला घाबरते, कुकर जास्त वेळ फुसफुसत राहिला तर घाबरते, रिक्षावाला फोनवर बोलता बोलता वळला तरी डोळे मिटून घेते. नवरा म्हणतो, हिला धीर द्यायला पगारी माणूस ठेवला पाहिजे. त्यामुळे काशीमिऱ्याचा हायवे रुंद करायला घेतला आणि मी घरात कुरकुर सुरू केली, तेव्हा ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. माझी कुरकुर बारमाही असते.

पण रस्त्यावरून आमच्या शांती नगरच्या दोन खोल्यांत चक्क दोन पक्ष पडले होते. एक पक्ष नवऱ्याचा. त्याची नोकरी ठाण्याला, गाडी नवी, आणि सगळा जीव त्या गाडीत. दुसरा पक्ष माझ्या बाबांचा. आई गेल्यावर मी त्यांना रत्नागिरीहून आमच्याकडे आणलं होतं. बाबांचा सगळा जन्म एसटीच्या स्टिअरिंगवर गेला. आंबा घाटात, धुक्यात, पुढचं वळण दिसत नसताना ते बिडीसुद्धा न पेटवता सरळ गाडी काढायचे, असं त्यांचे जुने कंडक्टर सांगायचे. अशा माणसाला माझ्यासारखी मुलगी कशी झाली, हे आमच्या घराण्यातलं कोडंच आहे.

जेवताना दोन्ही पक्षांची जुंपायची. नवरा म्हणायचा, "लेन वाढू द्या बाबा, मग बघा, ठाणं कसं हाकेवर येतंय ते."

"लेन वाढल्या, गाड्या वाढल्या. बस किती वाढल्या ते सांगा जावईबापू."

"अहो, मेट्रो येतेय की!"

"येतेय, येतेय. वर बघून बघून मान आखडली आमची."

नवरा हसायचा. बाबाही हसायचे. मी पोळ्या वाढत दोघांचंही खरं आहे असं म्हणायचे, आणि ते खरंही होतं. मला दोन्ही हवं होतं. नवरा लवकर घरी यावा म्हणून रस्ता हवा होता, बाबा धडपणे घरी यावेत म्हणून बस हवी होती. एवढं साधं मागणं एका शहराला जमू नये, याचा मला फार राग यायचा.

बाबांचा एकच शौक होता. संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरून बस पकडून ते काशीमिऱ्याला जायचे आणि हायवेच्या कडेला उभे राहायचे. कोकणात जाणाऱ्या गाड्या तिथून घोडबंदरकडे वळतात, त्या बघायला. कुठली गाडी कुठल्या डेपोची, कुणाचा टायर बसलाय, कुठल्या ड्रायव्हरची झोप झालेली नाही, हे ते तिथून ओळखायचे आणि घरी येऊन सांगायचे. हायवेच्या समोरच्या बाजूला एका दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला होते. सुटले की रस्ता ओलांडून त्यांच्याकडे जायचे आणि आम्ही बापलेक बसने घरी यायचो. दिवसभरातला तोच वेळ मला आवडायचा. बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागची सीट धरायचे आणि प्रत्येक गिअरला हळूच मान हलवायचे.

मग समोरचं क्रॉसिंग पत्रे लावून बंद केलं. जुना फुटपाथ गेला, तिथे लेन आली. बसचा थांबा उचलून पुलाच्या पलीकडे नेला. मला आता लांबच्या सिग्नलपर्यंत चालत जाऊन उलटं यावं लागायचं. म्हणून मी बाबांना बजावलं, "माझ्यासाठी थांबू नका. अंधार पडायच्या आत नव्या थांब्यावर जा, बस आली की निघा."

बाबांना नवा थांबा मान्यच नव्हता. त्यांच्या हिशेबी थांबा म्हणजे बोर्ड लावायची जागा, बस थांबवायची नव्हे. त्यांच्या रूटवर डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण वळणावर उभी असायची, आंब्याची पेटी घेतलेला म्हातारा कुठल्याही पायवाटेवर. हात वर दिसला की बाबा गाडी थांबवणारच. "हात दाखवलेल्या माणसाला टाकून गेलो, असं कधी झालं नाही," हे ते इतरांनी पदकं दाखवावीत तसं सांगायचे.

"बाबा, तो तुमचा गावचा रस्ता होता. इथे कोण बघतंय हात?"

"ड्रायव्हर तो ड्रायव्हर गो. हात दिसला की पाय आपसूक ब्रेकवर जातो."

त्या संध्याकाळी मी दवाखान्यातून उतरले आणि पत्र्यांमधल्या फटीतून नेहमीसारखं समोर पाहिलं. बाबा दिसले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, हातात घडी घातलेली कापडी पिशवी. जुना थांबा जिथे होता तिथेच उभे. मध्ये हायवे, आणि त्यावर गाड्यांची रीघ. डोक्यावरून मेट्रोची रिकामी गाडी चाचणीसाठी गेली, आत सगळे दिवे लावून. बाबांनी मान वर केली नाही. ते ठाण्याकडून येणाऱ्या आमच्या बसकडे बघत होते.

बस कडेला नव्हती. कडेला आता थांबाच नाही, तर ती तिथे कशाला येईल? ती मधल्या लेनमधून येत होती. बाबांनी पिशवी काखेत मारली आणि ते रस्त्यावर उतरले. कडेची लेन सरळ चालत ओलांडली. घाई नाही, काही नाही. मग उजवा हात खांद्यापर्यंत वर केला आणि तसेच उभे राहिले.

मी ओरडले. मला माझाच आवाज ऐकू आला नाही. पत्र्याला दोन्ही हात लावून मी "बाबा, बाबा" करत होते आणि बाजूला उभा असलेला ट्रॅफिकचा वॉर्डन म्हणत होता, "मॅडम, इधर से मत जाओ, मर जाओगे." एका टेम्पोने लांबलचक हॉर्न मारला. त्या टेम्पोच्या मागे डंपर होता. मला डंपर दिसला, बाबांचा हात दिसला, आणि मग मध्ये बस आली आणि काहीच दिसेना.

ब्रेक लागल्याचा आवाज आला. कुणाचा ते कळलं नाही. माणसं ओरडली. मग बस हलली आणि पुढे गेली.

बाबा जिथे उभे होते तिथे कोणी नव्हतं. गाड्या पुन्हा सुरू झाल्या, त्याच जागेवरून जायला लागल्या.

"अंकल चढ गये क्या?" मी वॉर्डनला विचारलं.

"देखा नहीं मॅडम."

मी सिग्नलपर्यंत धावले की चालले, आता सांगता येत नाही. पलीकडे जाऊन त्या जागेशी उभी राहिले आणि रस्त्याकडे बघायची हिंमत होईना. शेवटी बघितलं. डांबर होतं, काळं, कोरडं. मी बाबांना फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालू असताना फोन उचलायचा नाही, चालवणारा दुसरा असला तरी नाही, हा त्यांचा नियम मला पाठ होता. पण तेव्हा मला नियमबियम आठवला नाही. मला वाटलं, तो फोन डंपरखाली वाजतोय. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. रिक्षात बसले तेव्हा रिक्षावाल्याने विचारलं, "किधर?" आणि माझ्या तोंडून पत्ताच निघेना. घरी जाऊ की हॉस्पिटलात, हेच मला ठरवता येत नव्हतं.

घरी गेले. दार नवऱ्याने उघडलं. बाबा आत खुर्चीत बसले होते, चहाचा कप समोर. मी चप्पलसुद्धा न काढता त्यांच्यावर धावून गेले आणि वाट्टेल ते बोलले. मरायचं असेल तर गावी जाऊन मरा, असंही बोलले. नवरा मला आवरत होता. मला वाटलं, बाबा आता म्हणतील, बघ, थांबवली की नाही ड्रायव्हरने? आणि उद्या पुन्हा जाऊन तिथेच उभे राहतील.

बाबा कपाच्या कानावरून बोट फिरवत राहिले. चहा तसाच, वर साय धरलेली. नवरा पाणी आणायला आत गेला तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "त्याने शिवी दिली मला. ड्रायव्हरने. चढवून घेतलंन, पण शिवी दिलीन." मग कप बाजूला सारून म्हणाले, "बरोबर होतं त्याचं. मी असतो तर मीही दिली असती. मला तो डंपर दिसलाच नाही गो. आरसा नव्हता ना माझ्याकडे."

त्यानंतर काशीमिऱ्याला जायचं त्यांनी आपणहून सोडलं. आधी चार दिवस अंग दुखतंय म्हणाले, मग उन्हाचं कारण, मग कारण सांगायचंही सोडलं. जेवताना नवरा नव्या लेनचं कौतुक करायला लागला की ते "हं" म्हणायचे. भांडण नाही. नवरा हळूहळू गप्प झाला, त्यालाही करमेना. मला वाटायला हवं होतं की सुटले. ज्याची धास्ती होती ते आता होणार नव्हतं. पण दवाखान्यात फोन वाजला की मी आधी घरचा नंबर तर नाही ना ते बघायचे, ते बघतच राहिले.

गेल्या रविवारी मी हट्टाने त्यांना खाली उतरवलं. म्हटलं, हायवेला नाही, इथेच, कोपऱ्यावरून भाजी घेऊन येऊ. त्यांनी शर्ट बदलला, भांग पाडला. बिल्डिंगच्या फाटकाशी आलो. पलीकडे आमची रोजची गल्ली, पोरं बॅडमिंटन खेळतात ती. लांबून एक स्कूटर येत होती, दुधाच्या पिशव्या लादलेली, रमतगमत. बाबांनी माझा दंड घट्ट पकडला.

स्कूटर आमच्यासमोरून गेली आणि वळली. गल्ली रिकामी झाली. मी पाऊल उचललं, पण त्यांचा हात सुटेना.

"तू बघ गो आधी," बाबा म्हणाले. "मला नाही कळत आता."